आखलेला प्रवास आणि आखून दिलेला प्रवास

युरोपला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो "किती देश केले?" असा. 'पाहिले' नव्हे, 'केले'. अष्टविनायक केले, चारधाम केले, त्याच चालीवर दहा देश केले. घाटकोपरला आम्ही राहतो त्या इमारतीत असे देश 'करून' आलेली तीन बिऱ्हाडे आहेत. तिन्ही घरांच्या शोकेसमध्ये एक पितळी आयफेल टॉवर आणि स्विस गाईच्या गळ्यातली एक छोटी घंटा ठेवलेली आहे.

या सहलींची टिंगल करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही, हे आधीच सांगून टाकते. तळमजल्यावरच्या काकू उभ्या आयुष्यात एकट्या कधी दादरच्या पुढे गेल्या नव्हत्या. बासष्टाव्या वर्षी त्या युंगफ्राऊयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरच्या रेल्वे स्टेशनात उतरून बर्फात उभ्या राहिल्या. त्यांना तिथवर नेणाऱ्या बसचे, पुढच्या सीटवरून माइकवर सूचना देणाऱ्या मुलाचे आणि रात्रीच्या वरणभाताचे उपकार मानलेच पाहिजेत. पण मी पडले भूगोलाची विद्यार्थिनी. मी विचारले, "काकू, पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये काय लागलं?" काकू म्हणाल्या, "मध्ये काय लागणार गं? झोप!"

त्या 'मध्ये'बद्दल मला लिहायचे आहे. चार-पाच सीमा ओलांडून जाणारा लांबचा प्रवास रस्त्याने करायचा असेल, तर तो राजधान्यांच्या यादीवरून आखू नये, जमिनीच्या चढउतारांवरून आखावा. आणि तो दुसऱ्याकडून आखून घेऊ नये. चुका होतील हे धरून चालून आपला आपण आखावा. माझे हे मत ग्रंथालयात बसून बनलेले नाही. गेले वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर असा एक प्रवास आखला जात आहे, आणि त्यात भाजीचे डाग पडलेला एक नकाशा कायमचा कामी आला आहे.

माझे बाबा बेस्टचे ड्रायव्हर होते. तीस वर्षे त्यांनी लाल बस चालवली आणि घाटकोपर डेपोतून ते निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत किती लाख किलोमीटर झाले असतील कोण जाणे, पण ते सगळे एकाच शहरातले. कोणत्या रस्त्याने जायचे हे डेपोत ठरलेले, कुठे थांबायचे ते खांबावर लिहिलेले, किती वाजता पोहोचायचे ते ड्युटीच्या कागदावर छापलेले. निवृत्तीनंतर मामाने मोठ्या हौसेने एका युरोप सहलीचे रंगीत माहितीपत्रक आणून दिले. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "गाडी कोण चालवतो?" कंपनीचा ड्रायव्हर चालवतो असे कळल्यावर त्यांनी पत्रक घडी घालून परत केले.

मग एके दिवशी त्यांनी मला आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याबद्दल विचारले. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिला जातो आणि तो आपल्याच आर.टी.ओ.त मिळतो. घाटकोपरकरांना त्यासाठी वडाळ्याला जावे लागते. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. बाबांना वाटले होते की परदेशात गाडी चालवायची म्हणजे तिकडे पुन्हा परीक्षा द्यावी लागेल. ती नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरला. परीक्षा झाली असती तर पास झालो असतो, असा भाव होता.

नातेवाइकांत खळबळ माजली. ग्रॅच्युइटीचे पैसे, पोरीचे पुढचे शिक्षण, आणि तिकडे म्हणे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात! या आक्षेपांपैकी पहिले दोन खरे आहेत आणि त्यांना माझ्याकडे सोपे उत्तर नाही. तिसऱ्यावर बाबाच म्हणाले, "मुंबईत कोण डाव्या बाजूने चालवतं?"

मुंबईच्या माणसाने आपला रस्ता आपण आखून युरोप गाठावा, यात नवल असे काही नाही. १९२३ सालच्या १५ ऑक्टोबरला सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर बसून जगप्रवासाला निघाले. तीनएक वर्षांपूर्वी ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचे भाषण त्यांनी ऐकले होते. तो युरोपातून हिंदुस्थानात पायी आला होता. त्या सहांपैकी अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतले. चव्वेचाळीस हजार मैल, म्हणजे सुमारे ७१,००० किलोमीटर. इराणमधून बगदाद, बगदादहून वाळवंट तुडवीत सीरिया, पुढे इटली आणि मग आल्प्सचा चढ. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. आपल्या गावातली एवढी मोठी गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही, मार्को पोलोची मात्र सनावळीसकट पाठ करून घेतात. असो.

पुढे १९५५ साली ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँडरोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोहोचले. आपल्याच वयाची ही मुले! १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लंडन ते हिंदुस्थान हा जमिनीवरचा राबता तुटला. आमच्यासारख्यांनी आता घाटकोपरहून गाडी सुरू करायची हौस मनातच ठेवायची; विमानाने व्हिएन्नाला उतरायचे आणि तिथे भाड्याची गाडी घ्यायची. जिथे गाडी घेतली तिथेच ती परत करायची, कारण दुसऱ्या देशात सोडली तर भुर्दंड जबर पडतो. म्हणजे प्रवास वर्तुळाकार हवा, एवढे पहिल्याच आठवड्यात ठरले.

सुरुवात मात्र आम्हीही यादीनेच केली. पॅरिस, रोम, व्हेनिस, प्राग, ॲमस्टरडॅम. मी पट्टी घेऊन ठिपके जोडले, बाबांनी किलोमीटरांची बेरीज केली, तिला सोळा दिवसांनी भागले आणि पेन्सिल खाली ठेवली. "ही ड्युटी आहे," ते म्हणाले, "आणि ओव्हरटाइमसुद्धा नाही." त्या रात्री यादी फाडली. दुसऱ्या दिवशी मी नकाशासंग्रहातले राजकीय नकाशाचे पान उलटून प्राकृतिक नकाशाचे पान काढले. राजकीय नकाशावर युरोप म्हणजे गोधडीसारखे रंगीत तुकडे. प्राकृतिक नकाशावर मधोमध एक तपकिरी चंद्रकोर दिसते, ती आल्प्सची. तिच्या पूर्वेला हंगेरीचे हिरवे मैदान, दक्षिणेला पो नदीचे, आणि मध्ये एका कोपऱ्यात समुद्र आत घुसलेला. बाबा म्हणाले, "या डोंगराला वळसा घालू आणि मग त्याच्यावरून परत येऊ." आमचा मार्ग त्या एका वाक्यात ठरला: व्हिएन्ना, हंगेरीतले बालाटन सरोवर, स्लोव्हेनिया, त्रिएस्ते, पोच्या मैदानातून पश्चिमेकडे, मग कोमोवरून उत्तरेला स्वित्झर्लंडची एंगाडीन खोरी, तिथून स्टेल्व्हिओ खिंड, ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता, साल्झबर्ग आणि पुन्हा व्हिएन्ना. देश भरतात पाच, अंतर सुमारे २,२०० किलोमीटर. काकूंच्या हिशेबाने अर्धेच!

असा मार्ग ठरला की पुढचे निर्णय जमीनच घेऊ लागते, हा माझा या वर्षातला सर्वांत मोठा धडा. तारखाच पाहा. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता १९३५ साली खुला झाला. ४८ किलोमीटर लांब, ३६ तीव्र वळणे, माथा २,५०४ मीटरवर. हिवाळ्यात तो बर्फाने बंद असतो आणि मेच्या सुरुवातीला उघडतो. स्टेल्व्हिओ त्याहून उंच, २,७५७ मीटर. तिथला बर्फ निघायला मेअखेर किंवा जून उजाडतो. आपल्या सहली निघतात एप्रिल-मेत, कारण शाळांना सुट्टी. म्हणजे मुंबईचे वेळापत्रक धरले तर आल्प्सचा सर्वोत्तम रस्ता बहुधा बंदच सापडायचा! आम्ही जून धरला. आई म्हणाली, जूनमध्ये इकडे पाऊस सुरू होतो आणि मागच्या खोलीचे छत गळते. त्यावर मागच्या खोलीचे छत आधी दुरुस्त करून घ्यायचे ठरले. स्टेल्व्हिओच्या बर्फामुळे घाटकोपरचे छत दुरुस्त व्हावे, हा भूगोल कुठल्याही क्रमिक पुस्तकात नाही.

स्टेल्व्हिओवरून आणखी एक गोष्ट सुचली. तो रस्ता ऑस्ट्रियाच्या सम्राटाने बांधवून घेतला आणि १८२५ साली पुरा झाला. आपल्या बोरघाटातून गाड्यांचा रस्ता गव्हर्नर माल्कमने खुला केला तो १८३० साली. पाच वर्षांचे अंतर! दोन्हीकडे राज्यकर्त्यांना नव्याने हाती आलेला, डोंगरापलीकडचा मुलूख बांधून ठेवायचा होता. खंडाळ्याला चिक्की खाताना हे कधी डोक्यात आले नव्हते.

आपल्याला परीक्षेत 'टिपा लिहा' असतो ना, त्यात कार्स्ट भूरूपांवर मी दोनदा टीप लिहिली आहे. चुनखडी पाण्यात विरघळते, विवरे पडतात, नद्या जमिनीखाली गडप होतात, वगैरे वगैरे. पाच गुणांपैकी चार. हे कार्स्ट म्हणजे मुळात एका गावठाणाच्या नावासारखे साधे नाव आहे, हे मला मार्ग आखताना कळले. स्लोव्हेनियात त्रिएस्तेच्या वर क्रास नावाचे एक पठार आहे. जर्मन लोक त्याला कार्स्ट म्हणत, आणि तिथल्या जमिनीचा अभ्यास आधी झाला म्हणून जगभरच्या तशा जमिनीला तेच नाव पडले. पोस्तोइनाची प्रसिद्ध गुहा त्याच मुलखातली. आमचा रस्ता या पठारावरून जातो. जी टीप मी घोकली ती पायांखाली येणार आहे. आणि आपण ज्या काळ्या पत्थरावर राहतो त्या दख्खन ट्रॅपमधला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. सह्याद्रीच्या पायऱ्यांना स्वीडिश नाव, आणि स्लोव्हेनियातल्या एका पठाराचे नाव आपल्या प्रश्नपत्रिकेत.

आईचा या सगळ्यात फारसा जीव नव्हता. ती कोकणातली, राजापूरकडची. तिला मी सहज सांगितले, की पो नदीच्या मैदानात व्हेर्चेल्लीच्या आसपास मैलोन् मैल भातशेती आहे. युरोपात सर्वांत जास्त तांदूळ इटलीच पिकवते. वसंतात पाणी भरलेली खाचरे आणि मागे, हवा स्वच्छ असली तर, मोंते रोझाचे बर्फ. आई लाटणे हातात तसेच ठेवून नकाशाजवळ आली. "लावणी करतात की पेरतात?" तिने विचारले. आता बहुतेक यंत्राने पेरतात, पूर्वी बायका लावणी आणि बेणणी करायच्या, असे वाचून दाखवले. त्यानंतर त्या एका दिवसाला हात लावायची आम्हाला परवानगी नाही. व्हेनिस गेले तरी चालेल, व्हेर्चेल्ली राहिले पाहिजे! कुठल्याही माहितीपत्रकात व्हेर्चेल्लीची भातशेती मी पाहिलेली नाही. राजापूरच्या बाईने आखायला घेतल्याशिवाय ती यायचीही नाही.

सीमांचे सांगायलाच हवे. आपल्यासारख्या उपनगरवाल्यांना सीमा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. मुंबईची हद्द १९५० साली जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. तेव्हापासून मुलुंडचा नाका ही आमची वाघा बॉर्डर. जकातीसाठी उभ्या असलेल्या ट्रकांची रांग बाबांनी वर्षानुवर्षे पाहिली. जकात १ जुलै २०१७ ला गेली, छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला, तरी नाक्याजवळ आले की बाबांचा पाय अजून ब्रेककडे जातो. युरोपात लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी १९८५ साली मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर करार झाला, आणि हळूहळू नाकी उठत गेली. आज त्या करारात २९ देश आहेत. अलीकडच्या वर्षांत काही देशांनी तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, पण साधारणपणे पाटी बदलते आणि गाडी पुढे जाते.

तरीही आम्ही दोन ठिकाणी मुद्दाम थांबणार आहोत. एक ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवर शोप्रोनजवळ, जिथे १९ ऑगस्ट १९८९ रोजी 'सहभोजना'च्या निमित्ताने फाटक उघडले गेले आणि शेकडो पूर्व जर्मन पश्चिमेकडे पळाले. बर्लिनची भिंत त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पडली. दुसरे ठिकाण गोरित्सिया. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनासमोरच्या चौकातून इटली आणि स्लोव्हेनियाची सीमा जाते. मधले कुंपण २००४ साली काढले. आपल्याकडे नवापूर स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथल्या बाकावर बसून लोक गमतीने फोटो काढतात. गोरित्सियाच्या चौकात मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येकांचे घर एकीकडे आणि शेत दुसरीकडे गेले. जोरात जाणाऱ्या बसमधून या दोन्ही जागा दिसणारच नाहीत, कारण दिसण्यासारखे तिथे फारसे नाहीच. आधी वाचून जावे लागते.

आता माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देते. तो म्हणजे व्हिसाचा अर्ज. इतके दिवस यादी फाडून, जमीन वाचून, मोकळा रस्ता आखला, आणि अर्जात पहिली मागणी कसली? यादीची! कोणत्या रात्री कुठे मुक्काम, आरक्षणाचे कागद, परतीचे तिकीट, बँकेचे उतारे, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्या वकिलातीकडे अर्ज, म्हणून आमचा ऑस्ट्रियाकडे. माणशी ९० युरो फी, नकार आला तरी ती परत नाही. माझ्यासाठी कॉलेजचे बोनाफाइड, बाबांसाठी निवृत्तीचे कागद, आईसाठी काय जोडायचे यावर दोन दिवस खल झाला. तीस वर्षे घर चालवल्याचा दाखला कुठलेच कार्यालय देत नाही. मामा म्हणतो, "कंपनीबरोबर गेला असता तर हे सगळं त्यांनीच केलं असतं." खरे आहे. तिघांचा अर्ज नामंजूर झाला तर त्याचा दोष द्यायला कंपनी नसेल, मी असेन. कारण कागद मी लावले आहेत. बाबांच्या ग्रॅच्युइटीतला मोठा भाग माझ्या टिपणवहीवर विसंबून आहे, या विचाराने मला दोन-तीनदा रात्री झोप लागलेली नाही. आपण आखायचे म्हणजे हेही आलेच. ज्यांना हे नको असेल त्यांनी बसने जावे, त्यात कमीपणा नाही.

पण यंत्राकडून आखून घेणे हा जो तिसरा मार्ग माझे वर्गमित्र सुचवतात, त्याला माझा ठाम विरोध आहे. फोनला दोन ठिकाणे सांगितली की तो सर्वांत लवकर पोहोचवणारा रस्ता दाखवतो. आल्प्समध्ये असा रस्ता पुष्कळदा डोंगराच्या पोटातून जातो. गोटहार्डचा बोगदा, १९८० साली खुला झालेला, जवळजवळ १७ किलोमीटर लांब आहे. म्हणजे आल्प्स ओलांडताना तुम्हाला दिसणार काय, तर दिवे! बाबांचा प्रश्न साधा आहे: "दोन तास वाचवून पुढे करायचं काय?"

ज्यांना युरोप शक्य नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांना तो इतक्यात शक्य नाही, त्यांनी हा प्रयोग मुलुंडच्या नाक्यापासून करून पाहावा. आम्ही तिघी मैत्रिणींनी दिवाळीच्या सुट्टीत केला. एस.टी.ने मध्ये मध्ये उतरत इगतपुरीपर्यंत गेलो. शहापूरपर्यंत कापणीला आलेले भात, कसाऱ्याला गाडीच्या मागे जोडलेली ढकलणारी इंजिने, घाट चढल्याबरोबर बदललेली हवा. नाशिकला मी लहानपणापासून दहा वेळा गेले असेन, पण कसारा आणि इगतपुरीच्या मध्ये काय लागते असे कुणी विचारले असते तर मीही काकूंचेच उत्तर दिले असते.

आमच्या आखणीत अजून खूप भोके आहेत. ऑस्ट्रिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, प्रत्येकाचा महामार्ग-कर वेगळा. स्वित्झर्लंडचा तर वर्षाचाच घ्यावा लागतो, ४० फ्रँक, आणि आम्ही तिथे असणार दोन दिवस. बाबा यावर रोज एकदा चिडतात. भाड्याच्या गाडीला हंगेरीत न्यायची परवानगी लेखी हवी, ती अजून आलेली नाही.

पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट हाती लागली आणि घरातले वातावरणच बदलले. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवर टपाल खात्याच्या पिवळ्या बसेस धावतात. पहिली मोटारबस १९०६ सालची. ज्या रस्त्यावर निळ्या पाटीवर पिवळे रणशिंग काढलेले असते, तिथे अडचणीच्या जागी बसच्या ड्रायव्हरने खुणावले की इतर गाड्यांनी त्याचे ऐकायचे, मागे जा म्हटले तर मागे जायचे. कायदाच आहे तसा. आंधळ्या वळणाआधी ही बस तीन सुरांचा भोंगा वाजवते, तो रोसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेतून घेतलेला.

मी हे वाचून दाखवले तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. मग तो भोंगा फोनवर शोधून दोन-तीनदा ऐकला. तीस वर्षे लालबहादूर शास्त्री मार्गावर रिक्षांनी आणि मोटारींनी ज्याला आडवे घातले, त्या माणसाला जगात कुठेतरी बसच्या ड्रायव्हरचा शब्द चालतो हे कळल्यावर काय वाटले असेल, ते मी विचारले नाही. "पण बाबा," मी म्हटले, "तिथे तुम्ही बसमध्ये नसणार, भाड्याच्या गाडीत असणार. म्हणजे थांबायचं आपण."

"थांबू की," बाबा म्हणाले. "त्या दिवशीचं त्यांच्या बसचं टाइमटेबल काढून ठेव. घाटात ती समोरून यायला हवी, त्या हिशेबानं निघू."

व्हिसाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. टाइमटेबल मी काढून ठेवले आहे.